तलवार घासण्याआधी : जपानी तलवारींची पारख, दुरुस्ती आणि आपलं संशोधन

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये एक काका लांबट कापडी पिशवी घेऊन आले. आत एक जपानी तलवार होती. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. १९४५ साली जपानी सैन्याने शरणागती पत्करली तेव्हा अधिकाऱ्यांच्या तलवारी जमा करून घेतल्या गेल्या, त्यांतली एक त्यांच्या वाट्याला आली. घरात ती माळ्यावर पडून होती. काकांचा प्रश्न सरळ होता : "मॅडम, तुम्ही स्टीलवाले. टेस्ट करून सांगा, किती जुनी आहे आणि खरी आहे का."

माझा पीएचडीचा विषय स्टीलची सूक्ष्मरचना, त्यामुळे हात शिवशिवले. लाकडी खुंटी काढून मूठ सोडवली, तर आतला भाग आरशासारखा चकचकीत! काकांनी आदल्या आठवड्यात वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन तो घासला होता. "लॅबमध्ये आणायची म्हणून साफ करून आणली," ते म्हणाले. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट मी मनात ठरवून टाकलं होतं, की पात्यावर दोन सेंटिमीटरचा पट्टा घासायचा, नायटल लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली घालायचं. सरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अगं, आधी वाच, मग हात लाव."

मग मी दोन महिने मिळेल तेव्हा याच विषयावर वाचत राहिले. संग्राहक जुनी जपानी तलवार कशी पारखतात, कशी दुरुस्त करतात, आणि ती पद्धत संशोधनाच्या निकषांवर कितपत टिकते, हे आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. तुमचा विषय तलवार नसेल, पण पुरावा कसा वाचायचा आणि वाचताना तो खराब कसा होऊ द्यायचा नाही, हा प्रश्न तुम्हालाही सुटणार नाहीये.

आधी थोडी पार्श्वभूमी

पारंपरिक जपानी तलवारीचं पोलाद म्हणजे तामाहागाने. लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत तीन दिवस-तीन रात्री जाळून ते मिळवतात. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो भागात ही भट्टी १९७७ साली पुन्हा सुरू झाली आणि आजचे तलवार-लोहार तिथलंच पोलाद वापरतात. हे पोलाद एकजिनसी नसतं. म्हणून लोहार ते ठोकून, दुमडून, पुन्हा ठोकून घेतो. दहा वेळा दुमडलं की १०२४ थर होतात. या थरांची जी नक्षी पात्यावर उमटते तिला हादा म्हणतात. कधी ती लाकडाच्या रेषांसारखी दिसते, कधी गाठींसारखी.

त्यानंतर पाणी देणं. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो तेच, पण इथे एक युक्ती आहे. पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार झपाट्याने थंड होते आणि तिथे कठीण मार्टेन्साइट बनतं. पाठ सावकाश थंड होते, तिथे मऊ पर्लाइट राहतं. दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी रेषा दिसते ती हामोन. तिच्यात कण सुटे सुटे चमकत असतील तर त्यांना निए म्हणतात. धुक्यासारखा सलग पट्टा दिसत असेल तर निओई. आपण ज्याला सूक्ष्मरचना म्हणतो तिचा काही भाग हे लोक शेकडो वर्षं नुसत्या डोळ्यांनी वाचत आले आहेत. मला स्वतःला हे वाचून थोडं खजील व्हायला झालं.

मुठीत जाणाऱ्या भागाला नाकागो म्हणतात. लोहाराची सही, म्हणजे मेइ, तिथे छिन्नीने कोरलेली असते. तो भाग कधीच पॉलिश करत नाहीत. शतकानुशतकं मुठीच्या आत राहून त्यावर जो काळपट गंज चढतो, त्याचा रंग, पोत आणि तो कोरलेल्या अक्षरांच्या तळापर्यंत पोचलाय का, यावरून वयाचा अंदाज करतात. कानशीच्या खुणा कोणत्या दिशेने आहेत, खुंटीची भोकं किती आणि कशी पाडलेली आहेत, हेही तिथेच कळतं. काकांनी वायर ब्रशने नेमकं काय पुसलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

या पद्धतीत काय चांगलं आहे

तलवारीच्या पारखीला कान्तेइ म्हणतात. तिच्यावर टीका करण्याआधी तिचं श्रेय तिला देऊ या, कारण काही गोष्टी आपल्याकडच्या बऱ्याच लॅबपेक्षा सरस आहेत.

पहिली म्हणजे तपासण्याचा क्रम. आधी एकूण आकार : लांबी, वक्रता, वक्रतेचं केंद्र कुठे आहे, टोक केवढं आहे. मग पोलादाची नक्षी. मग हामोन. मग टोकातला हामोन, ज्याला बोशी म्हणतात. सही सगळ्यांत शेवटी. अभ्यासाच्या बैठकांत तर नाकागो झाकूनच ठेवतात. तलवार हातात घ्यायची, बघायची आणि लोहाराचं नाव कागदावर लिहून द्यायचं. बरोबर आलं तर 'आतारी'. त्याच घराण्यातला, अगदी जवळचा लोहार लिहिला असेल तर 'दोझेन', म्हणजे बरोबर आल्यासारखंच. साफ चुकलं तर 'इया', आणि पुन्हा प्रयत्न करायचा. ही ब्लाइंड टेस्ट आहे बघा, आणि तीही चूक किती मोठी आहे हे मोजणारी. आपण मात्र सॅम्पलवर ए-वन, बी-टू अशी लेबलं लावून, कोणतं कोणाचं हे पूर्ण माहीत असताना 'निष्पक्षपणे' मायक्रोग्राफ निवडत बसतो.

दुसरी गोष्ट, नोंद ठेवण्याची सवय. नाकागोवर पातळ कागद ठेवून शाईच्या कांडीने त्याचा ठसा घेतात, त्याला ओशिगाता म्हणतात. वस्तूला धक्का न लावता अक्षरं, भोकं, कानशीच्या खुणा सगळं कागदावर उतरतं. १७१९ साली शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेने होनामी घराण्याने नामांकित तलवारींची जी यादी केली, तिच्यात आगीत जळून गेलेल्या तलवारींचीही स्वतंत्र नोंद आहे. हातातून गेलेल्या गोष्टींची यादी करणं सोपं नसतं. आपल्यापैकी किती जणांच्या लॅब नोटबुकमध्ये फसलेल्या प्रयोगांचं पान असतं?

तिसरी गोष्ट, संशयाची सवय. सतराव्या शतकातल्या नागासोने कोतेत्सु या लोहाराच्या सहीच्या इतक्या नकली तलवारी निघाल्या, की त्याची सही दिसली तर आधी ती खोटीच धरून चालावं असं संग्राहक मानतात. खोट्या सहीला गिमेइ हा वेगळा शब्दच आहे. आपल्या भाषेत हा बेस रेट झाला. एखादं नाव जितकं मोठं, तितकी त्याची नक्कल करण्यात कमाई जास्त, म्हणून तितका पुरावाही जास्त मागायचा. "सही विकत घेऊ नका, पातं विकत घ्या" हा नवशिक्या संग्राहकाला मिळणारा पहिला सल्ला याच अनुभवातून आला आहे.

कुठे खटकतं

आता मुद्द्यावर येते. मला या पद्धतीत चार ठिकाणी अडखळायला झालं.

एक, चक्राकार तर्क. अमुक लोहाराची शैली कशावरून ठरली? त्याच्या सहीच्या तलवारींवरून. त्यांतल्या कोणत्या सह्या खऱ्या? ज्यांची शैली जुळते त्या. हे पूर्ण वर्तुळ नाहीये, ते मान्य. बिझेन प्रांतातल्या ओसाफुनेच्या लोहारांनी सहीबरोबर तारखाही कोरल्या आहेत. काही तलवारी एकाच सरदार घराण्यात किंवा देवस्थानात शतकानुशतकं राहिल्या आहेत, त्यांचा प्रवास माहीत आहे. अक्षर कोरताना छिन्नी कोणत्या बाजूने मारली ही सवय नक्कल करणाऱ्याला सहज साधत नाही. हे स्वतंत्र पुरावे आहेत आणि सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. पण एखाद्या विशिष्ट निवाड्यात यांतलं नेमकं काय वापरलं, हे बाहेरच्याला बहुधा कळत नाही.

दोन, सही नसलेल्या तलवारी, म्हणजे मुमेइ. चौदाव्या शतकात फार लांब तलवारींची चाल होती. पुढे त्या वापरायला गैरसोयीच्या ठरल्या, म्हणून मुठीकडून कापून आखूड केल्या. कापलेल्या तुकड्याबरोबर सहीही गेली. अशा तलवारींना पारखी नाव देतो. कधी ते नाव सोन्याने नाकागोवर भरूनही घेतलं जाई. मासामुने हे जपानी लोहारांतलं सर्वांत मोठं नाव, पण त्याच्या निःसंशय सहीच्या तलवारी अत्यंत दुर्मीळ आहेत, इतक्या की मेजी काळात या माणसाच्या थोरवीवरच वाद झाला होता. मग 'मासामुनेची तलवार' म्हणजे नेमकं काय? माझ्या वाचनावरून असं दिसतं, की अशा निवाड्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात : ही कोणी केली, आणि ही किती चांगली आहे. त्याच परंपरेतलं उत्तम पातं मोठ्या गुरूच्या नावावर जातं, जरा कमी पातं शिष्याच्या नावावर. म्हणजे नाव हीच प्रतवारी झाली. प्रतवारी करण्यात गैर काही नाही, पण ती इतिहासाच्या भाषेत लिहिली की वाचणारा फसतो. तुमच्या प्रबंधात 'वर्गीकरण' आणि 'मूल्यमापन' हे दोन शब्द एकाच वाक्यात आले तर थांबून बघा, तुम्हीही हेच तर करत नाही ना.

तीन, हितसंबंध. होनामी घराणं तलवारी पॉलिशही करायचं आणि पारखूनही द्यायचं. त्यांनी दिलेल्या घडी घातलेल्या प्रमाणपत्राला ओरिगामी म्हणत, आणि त्यावर तलवारीची किंमत सोन्याच्या नाण्यांत लिहिलेली असे. भेटी द्यायला-घ्यायला अशी किंमत लागायची. जुन्या पिढ्यांच्या ओरिगामीला संग्राहकांत आजही मान आहे, पण नंतरच्या पिढ्यांच्या कागदांकडे ते सावधपणे बघतात. आज हे काम १९४८ साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार संरक्षण संस्था करते. तिथे एकट्या घराण्याऐवजी परीक्षकांचं मंडळ बसतं, ही मोठी सुधारणा आहे. १९८२ पासून तिची होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो अशी चढती श्रेणी आहे. पण खालच्या श्रेणीच्या कागदावर निष्कर्ष असतो, कारणमीमांसा नसते. सविस्तर वर्णन मिळतं ते जूयोपासून वर. शिवाय तीच तलवार पुन्हा सादर करता येते, आणि दुसऱ्या खेपेला वेगळं नाव मिळाल्याची उदाहरणं संग्राहकांना ठाऊक असतात. मनासारखा निकाल आल्यावर तोच दाखवायचा आणि आधीचे दाखवायचे नाहीत, याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

चार, आकारावरून काळ ठरवणं. हे साधारण बरोबर येतं. अकराव्या-बाराव्या शतकातली तलवार मुठीजवळ जास्त वाकलेली आणि टोकाला निमुळती असते. सतराव्या शतकात, १६६१ ते १६७३ च्या सुमाराची तलवार जवळजवळ सरळ दिसते. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस सुइशिन्शी मासाहिदे आणि त्याच्यामागच्या लोहारांनी ठरवून जुन्या पद्धती आणि जुने आकार परत आणले. त्यात फसवायचा हेतू नव्हता, आदर होता. परिणाम मात्र एकच : आकार जुना, पोलाद नवं. म्हणजे एकाच खुणेवर विसंबलात की गेलात.

दुरुस्ती म्हणजे हस्तक्षेप

आता त्या भागाकडे येते ज्याने माझं मत सगळ्यांत जास्त बदललं. जपानी तलवारीची दुरुस्ती मुख्यतः पॉलिशची असते. ते करणारा कारागीर म्हणजे तोगिशी. त्याचं प्रशिक्षण वर्षानुवर्षं चालतं. खरबरीत सहाणेपासून सुरुवात करून एकाहून एक मऊ दगडांवर पातं घासत नेतात. शेवटी उचिगुमोरी या नैसर्गिक दगडाच्या कागदासारख्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून बोटांनी काम करतात. आपण मेटॅलोग्राफीत २२० नंबरच्या पेपरपासून डायमंड पेस्टपर्यंत जातो, तसंच. फरक असा, की आपल्याला आरसा हवा असतो आणि तोगिशीला कठीण-मऊ भागांतला फरक उघडा पाडायचा असतो. नायटल न लावता तो सूक्ष्मरचना दाखवतो.

पण प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद जातं. ते परत येत नाही. मार्टेन्साइटचा पट्टा काही मिलिमीटरांचा. तलवार जितक्या वेळा घासली तितका तो झिजत गेला. बाहेरचं चांगलं पोलाद झिजून आतलं मऊ पोलाद उघडं पडलं की संग्राहक म्हणतात, तलवार थकली. टोकाजवळचा हामोन झिजून नाहीसा झाला तर तो पुन्हा आणता येत नाही.

म्हणून 'दुरुस्त करू का' या प्रश्नाआधी चार प्रश्न विचारतात. धारेला आडवी भेग, म्हणजे हागिरे, आहे का? ती असेल तर तलवार म्हणून तिचं आयुष्य संपलेलं असतं, कितीही पॉलिश करा. बोशी शिल्लक आहे का? आणखी एक पॉलिश सोसेल एवढं पोलाद आहे का? आणि दुरुस्तीने जे कळेल ते गमावलेल्या पोलादाच्या मोलाचं आहे का? खात्री नसेल तर तोगिशी आधी पात्यावर एक छोटी 'खिडकी' उघडतो, तेवढाच भाग पॉलिश करून बघतो. पायलट स्टडी म्हणजे दुसरं काय!

इथेही माझी एक हरकत आहे. आजच्या प्रचलित पॉलिशमध्ये हादोरी नावाची पायरी असते. तोगिशी बोटाखालच्या दगडाने हामोनच्या आजूबाजूचा भाग पांढरा करत जातो, म्हणजे तो नजरेत भरतो. छान दिसतं, पण ती पांढरी बाह्यरेषा तोगिशीने काढलेली असते. ती खऱ्या हामोनच्या मागोमाग जाते, पण तंतोतंत तीच नसते. नवशिका फोटो बघतो आणि पांढऱ्या रेषेलाच हामोन समजतो. खरा हामोन बघायला तलवार दिव्याखाली तिरपी धरून त्या पांढऱ्याच्या आत बघावं लागतं. साशिकोमी ही जुनी पद्धत यापेक्षा संयमी आहे. ती हामोनला उठाव देते, पण वरून नवी रेषा काढत नाही. मला ती जास्त प्रामाणिक वाटते. तुम्ही आलेखावर मऊ वळणदार रेषा काढून खालचे बिंदू पुसून टाकता तेव्हा हादोरी करत असता. रेषा काढायला हरकत नाही, पण बिंदू दिसू द्या.

आणखी एक उदाहरण फार बोलकं आहे. तेराव्या शतकातल्या आवातागुचि योशिमित्सु या लोहाराची 'इचिगो हितोफुरी' नावाची तलवार १६१५ साली ओसाकाच्या किल्ल्याच्या पाडावात आगीत सापडली. पोलाद तापलं की दिलेलं पाणी उतरतं आणि हामोन पुसला जातो. पुढे तोकुगावांच्या सेवेतल्या यासुत्सुगु या लोहाराने तिला पुन्हा पाणी दिलं. आज ती तलवार आहे, पण तिच्यावरचा हामोन योशिमित्सुचा नाही, यासुत्सुगुचा आहे. अशा तलवारीला साइहा म्हणतात आणि तशी नोंद करतात. दुरुस्ती लपवलेली नाही, हे महत्त्वाचं. आपण आउटलायर काढतो, बेसलाइन दुरुस्त करतो, स्मूदिंग करतो. ते केल्याची ओळ मेथड्समध्ये असते का?

मग विज्ञानाने का नाही ठरवायचं?

सुरुवातीला माझा सूर हाच होता. "नजर वगैरे ठीक आहे, पण यंत्र काय म्हणतं?" तर यंत्राचंही बघू.

कापून तपासणं : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोक्योच्या विद्यापीठात तावारा कुनिइचि या धातुशास्त्रज्ञाने जपानी तलवारींचा असा अभ्यास केला. कठीण आणि मऊ पोलाद आत कसं जोडलेलं असतं, हे अशा छेदांमुळे नेमकं कळतं. पण कापायला मिळतात त्या बहुधा दुय्यम तलवारी. ज्या अस्सल, सहीच्या, तारखेच्या तलवारींवर सगळी वर्गवारी उभी आहे, त्यांना कोणी हात लावू देणार नाही, आणि देऊही नये.

कार्बन-१४ : कोळशातला कार्बन पोलादात उतरतो, त्यामुळे तत्त्वतः काळ काढता येतो. पण हिशोब करा. पोलादात ०.६ टक्के कार्बन धरला तर एक मिलिग्रॅम कार्बनसाठी साधारण १६७ मिलिग्रॅम पोलाद खरवडावं लागेल. मिळेल तो झाडाचा काळ, तलवारीचा नाही. त्यातही १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत कॅलिब्रेशनची वक्ररेषा इतकी सपाट आणि वेडीवाकडी आहे, की उत्तर धूसरच येतं. आणि दगडी कोळशाच्या कोकवर बनलेलं कारखान्याचं पोलाद असेल तर त्यात कार्बन-१४ उरलेलंच नसतं. म्हणजे युद्धकाळातली कारखान्यातली तलवार हजारो वर्षं जुनी निघेल! यंत्र खोटं बोलत नसतं, आपण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन : हे मला सर्वांत आश्वासक वाटतं. न्यूट्रॉन पोलादात आरपार जातात आणि काही न कापता आतल्या फेराइट, सिमेंटाइटचं प्रमाण, मार्टेन्साइटचा ताण सांगतात. फ्लॉरेन्सच्या स्टिबर्ट संग्रहालयातल्या जपानी तलवारींवर ब्रिटनच्या आयसिस केंद्रात असं काम झालं आहे. जपानमध्येही न्यूट्रॉन इमेजिंगने तलवारी तपासल्या आहेत. पण यातून कारागिरी कळते, कारागिराचं नाव नाही. नावापर्यंत जायला खात्रीच्या तलवारींचा मोठा संदर्भसंच हवा, आणि त्या 'खात्रीच्या' आहेत हे पुन्हा कान्तेइच सांगणार. म्हणजे फिरून आपण नजरेपाशीच येतो.

म्हणून माझं मत असं झालं, की कान्तेइ ही निरीक्षणाची अत्यंत तालीमबद्ध पद्धत आहे आणि तिला अंधश्रद्धा समजणं हा आपला उद्धटपणा आहे. पण तिचे निष्कर्ष जितक्या ठामपणे कागदावर येतात तितकी कारणं कागदावर येत नाहीत, आणि ही उणीव परंपरा म्हणून माफ करता येणार नाही. यंत्रांनी तिची जागा घेऊ नये. तिला जे दिसत नाही ते पुरवावं, आणि तिने आपली कारणं उघडी करावीत.

काकांच्या तलवारीचं काय झालं

नायटल लावलं नाही. पातं न कापता, न घासता करता येईल अशी एकच चाचणी आम्ही केली, एक्सआरएफ. कारखान्याच्या पोलादात मँगनीज मुद्दाम घातलेलं असतं, तामाहागानेत ते जवळजवळ नसतं. युद्धकाळात अधिकाऱ्यांच्या कितीतरी तलवारी कारखान्याच्या पोलादाच्या होत्या. पण काही अधिकारी घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून नेत. आमच्या तलवारीत मँगनीज यंत्राच्या शोधमर्यादेच्या खाली आलं. यावरून इतकंच म्हणता येतं, की हे कारखान्याचं नेहमीचं पोलाद दिसत नाही. वय नाही, नाव नाही, किंमत नाही.

पात्यावर गंजाच्या डागांमधून हामोन तुकड्यातुकड्यांत दिसत होता. वाचायला हवा होता तो नाकागो. त्यावर दोन अक्षरांच्या जागी उथळ ओरखडे उरले होते. गंज गेलेला, त्यामुळे सही असली तरी ती पात्याच्या वयाची की नंतर कोरलेली, हे सांगायचा रस्ता बंद झाला होता. मी हे जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. काका बराच वेळ नाकागोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ऐंशी वर्षं राहिलं. मी अर्ध्या तासात घालवलं."

मला काय बोलावं सुचलं नाही. सर नसते तर दुसरा अर्धा तास माझा होता, हे मी त्यांना सांगितलं. आम्ही पात्याला हलका तेलाचा हात लावला, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मोजमापं लिहून त्यांना दिली आणि सांगितलं, आता जाणकार तोगिशीने बघेपर्यंत काही करू नका. काकांनी ती वायर ब्रशच्या खुणा असलेली बाजू आत घालून मूठ पुन्हा बसवली.

तुमच्यासाठी

याद्या मला फारशा आवडत नाहीत, पण सिनॉप्सिस लिहिताना उपयोगी पडतील म्हणून चार गोष्टी सांगते.

सॅम्पल हातात आलं की आधी आहे तसं त्याचं फोटो, वजन, मोजमाप घ्या. साफ करायचं ते नंतर. 'घाण' वाटणारा थर हाच कदाचित तुमचा डेटा असेल.

जे करून मागे येता येत नाही ते सगळ्यांत शेवटी करा, आणि आधी खिडकीएवढ्या भागावर.

लेबल झाकून बघायची सवय लावा. मित्राला नंबर बदलायला सांगा. पहिल्यांदा तुमचे अंदाज चुकतील तेव्हा वाईट वाटेल, पण व्हायवात तेच तुम्हाला वाचवतील.

आणि निष्कर्षाबरोबर कारण लिहा. 'अनुभवावरून दिसतं' असं लिहावंसं वाटलं तर अनुभवात नेमकं काय दिसलं ते लिहून बघा. लिहिता आलं नाही तर तो निष्कर्ष अजून तयार नाही.

पुढच्या वेळी नायटल एचिंगमध्ये नवशिक्यांच्या होणाऱ्या चुकांवर लिहीन. माझ्याही त्यात बऱ्याच आहेत. तोवर हाताशी एखादं जुनं सॅम्पल असेल तर पॉलिश पेपर उचलण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा.